हार्ड डिस्क रुसली, तर आधी कान लावा

श्रोतेहो, नमस्कार.

जुना कॉम्प्युटर सुरू केला आणि काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ उमटलं, की सल्ला लगेच मिळतो: डिस्क गेली, नवी टाका. नवी डिस्क कोल्हापुरात राजारामपुरीत मिळेल हो, पण मार्केट यार्डातल्या गुळाच्या पेढीचे हिशेब जुन्या डिस्कवरच असतात. म्हणून आधी हिशेब वाचवायचे, कॉम्प्युटरचं नंतर बघू.

बाजूचं झाकण काढा, सुरू करा आणि कान लावा. ठरावीक अंतरानं टक्-टक् आवाज येत असेल, तर लगेच बंद करा. डिस्कच्या आतल्या फिरत्या तबकडीवरून डेटा वाचणाऱ्या हेडला खुणा सापडत नाहीयेत; प्रत्येक नव्या प्रयत्नात तबकडी ओरखडण्याची भीती. डेटा मोलाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडेच द्या. डिस्क घरी उघडू नका, कारण हेड आणि तबकडीत जेमतेम काही नॅनोमीटरची फट असते, धुळीचा कणही त्यात मावत नाही. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा तर आपल्या पावसाळी हवेत नकोच. बाहेर काढताच आत दव धरतं.

काहीच आवाज नाही, हाताला थरथरही नाही? मग वीज तपासा. साडेतीन इंची डिस्कची मोटर 12 व्होल्टवर फिरते. कॉम्प्युटर चालू असताना पॉवर सप्लायच्या मोकळ्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगमध्ये पिवळ्या आणि काळ्या तारेवर मल्टिमीटर लावा: 11.4 ते 12.6 हवेत. लाल तारेवर 4.75 ते 5.25. कमी भरले तर दोष पॉवर सप्लायचा.

डिस्क नीट फिरते, पण बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, दिसत नाही? डीव्हीडी ड्राइव्हची साटा केबल, म्हणजे डेटाची अरुंद केबल, काढून डिस्कला लावा, बोर्डावरचं पोर्टही बदला. दमट हवेत संपर्क काळे पडतात, दोन-चार वेळा काढघाल केली की कितीदा एवढ्यानंच भागतं. जुनी, रुंद पट्टीची आयडीई केबल असेल तर मास्टर-स्लेव्हचा जंपरही बघा, म्हणजे एका केबलवरच्या दोन डिस्कपैकी पहिली कोणती हे ठरवणारी छोटी टोपी.

बायोसची तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल, तर बोर्डावरचा सीआर2032 हा गोल सेल बदला. तो संपला की सेटिंग पुसतं, डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर जाऊ शकते आणि डिस्क धडधाकट असूनही विंडोज निळा पडदा दाखवतं. हे फार जण विसरतात.

विंडोज उघडलंच, तर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये तीन ओळी बघा. सी7 (डेटा नेताना झालेल्या चुका) वाढतोय म्हणजे बहुधा केबल. ती बदलल्यावर आकडा कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. 05 (बदललेल्या खराब जागा) किंवा सी5 (संशयित जागा) वाढतोय म्हणजे डिस्कच खंगतेय. अशा वेळी विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं ‘चेकडिस्क’ चालवू नका. ते डिस्कवर लिहितं, त्याला ‘आर’ हा पर्याय लावला तर अख्खी डिस्क रगडून वाचतं, आणि मरू घातलेली डिस्क त्यातच जाते. ‘फॉरमॅट करू का?’ विचारलं तर नाही म्हणा. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा, तितक्याच किंवा मोठ्या रिकाम्या डिस्कवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामनं नक्कल घ्या. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब जागांकडे नंतर वळतं. काम कुठवर झालं ते नोंदणारी नकाशा फाइल दिलीत तर मध्येच वीज गेली तरी पुढून सुरू होतं. आज्ञेत मूळ आणि नकलेच्या डिस्कची नावं मात्र उलटी टाकू नका, सगळं पुसलं जाईल. मॉडेल आणि आकार बघूनच एंटर दाबा. चेकडिस्क चालवायचंच तर नकलेवर.

जुन्या डिस्कच्या जागी साटा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, घाला. सेकंदाला 3 गिगाबिटच्या जुन्या पोर्टवरही ती चालते आणि वेगात फरक जाणवतो. फक्त जुन्या बायोसवर बूट डिस्क 2 टेराबाइटपेक्षा मोठी घेऊ नका. आणि नकलेतल्या फाइली उघडून पाहिल्याशिवाय जुनी डिस्क भंगारात देऊ नका.