आपल्या विहिरीतला ज्वालामुखी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘ज्वालामुखी कसे होतात, कसे फुटतात’. त्याकडे येतोच. आधी सांगा, विहीर पाडताना किती जणांनी पाहिलीय? हात वर करा. बरेच आहेत. म्हणजे निम्मा विषय तुम्हाला ठाऊक आहे.

मी लहान असताना सोलापूरजवळ मंद्रूपकडच्या आमच्या रानात आजोबांनी विहीर पाडायला घेतली. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पहार मारली की नुसतं ठणठण वाजायचं. उन्हाळाभर सुरुंग लावले, यारीनं दगड वर ओढले, पैसा संपत आला. आजी म्हणाली, “पुरे करा आता.” मिस्त्री मात्र हटेनात. “मालक, तांबडा लागू द्या. तांबड्याच्या सांध्याला पाणी असतंय.” चारच दिवसांत विटेसारखा तांबडा थर लागला, हातभर जाडीचा, आणि सांध्यातून झरा फुटला. आजोबांनी तिथंच नारळ फोडला. तांबड्याखाली मांजऱ्या दगड निघाला, भोकाभोकांचा. भोकांत पांढरे चकाकते खडे. ते मी खिशात भरून शाळेत नेले.

शाळेत काय झालं? ज्वालामुखीचा धडा चालू होता. फळ्यावर शंकूसारखा डोंगर, टोकाला भोक. मी खडे दाखवले. “ते ठेव बाहेर, आपल्याकडे ज्वालामुखी नाही,” असं उत्तर मिळालं. हे मला आजही सलतं. कारण ते पोर ज्वालामुखीच खिशात घेऊन आलं होतं!

काळा पाषाण म्हणजे लाव्हाचा एक थर. थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकले, तो मांजऱ्या. पुढं पाण्यानं त्या भोकांत खनिजं साठवली, ते पांढरे खडे. उद्रेक थांबला की थराच्या माथ्यावर झीज होऊन माती तयार व्हायची. त्यावर पुढचा लाव्हा आला की ती भट्टीतल्या विटेसारखी भाजायची. तोच मिस्त्रींचा तांबडा.

आणि डोंगर कुठाय? हा लाव्हा एका शंकूतून आलाच नाही, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. आज उरलेला दगडच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर आहे. सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते, पूर्वेला तो पातळ होत जातो. आपल्या घरातली शहाबादी फरशी आठवा. तो चुनखडक लाव्हाच्या कितीतरी आधीचा. कलबुर्गीच्या पुढं लाव्हाची चादर संपते, म्हणून तो उघडा पडलाय. माणसांनी असा भेगेचा उद्रेक पाहिलाय तो आइसलँडात, लाकी इथं, 1783 साली. आठ महिने चालला होता.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा छापलेला विषय भराभर सांगतो.

पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र नाही. तिथला खडक तापलेला असतो, पण दाबामुळं घट्ट राहतो. तो वर सरकला, दाब उतरला, की थोडा वितळतो. दुसरी तऱ्हा म्हणजे समुद्रतळाचा पत्रा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, दुसऱ्या पत्र्याखाली घुसतो, सोबत पाणी नेतो, आणि पाण्यामुळं वरचा खडक कमी तापमानालाच वितळतो.

फुटण्यातला फरक स्वयंपाकघरात दिसतो. आमटी मुकाट उकळते, घट्ट पिठलं फटाफट अंगावर उडतं. सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते द्रव्य, कमी असली की लाव्हा पातळ, वायू सहज निसटतो, आणि हवाईसारखे पसरट डोंगर होतात. सिलिका जास्त असली की तो चिकट, वायू कोंडतो आणि स्फोट होतो. इ.स. 79 मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियसनं पाँपेई शहर गाडलं ते असं, 1883 मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ फुटला तोही असाच. आपल्या देशात आज जागा असलेला ज्वालामुखी अंदमानच्या बॅरन बेटावर आहे.

मागून प्रश्न आलाय, आपल्याकडे पुन्हा असा लाव्हा येईल का? बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की त्या वेळी आपली भूमी हिंदी महासागरातल्या एका तप्त स्थानावरून, म्हणजे जिथं खोलातून तापलेला खडक वर येत राहतो अशा जागेवरून, सरकत होती. आपण उत्तरेला आलो, ते स्थान मागंच राहिलं. त्याच्यावर आज रीयुनियन बेट आहे, आणि तिथला डोंगर अजूनही फुटतो.