लोनोमिया: अळी एक, पतंग दुसरा, नाव एकच

[दृश्य: झाडाचं खोड, सकाळचं ऊन]

साल वाटते ना? जरा थांबा. एक अळी हलते आणि अख्खी साल सरकल्यासारखी होते. दक्षिण ब्राझीलमधलं हे सेद्रोचं झाड. रात्रभर वरची पानं खाऊन या अळ्या दिवसा खोडावर अंगाला अंग लावून बसतात. जात आहे लोनोमिया ओब्लिक्वा. पाठीवरच्या काट्यांना बारीक फांद्या फुटल्यात. टोक कातडीत मोडलं की विष थेट आत जातं.

[दृश्य: रात्र, दिव्यामागे पांढरी चादर]

आणि हा तिचाच पतंग. पंख पसरून बसला की हुबेहूब वाळकं पान, मधल्या शिरेसारखी रेघसुद्धा आहे. तोंड निकामी, त्यामुळे खाणं-पिणं नाही. गडचिरोली-भंडाऱ्याच्या टसर पतंगाचं आणि याचं कूळ एकच, सॅटर्निडी. पण घराणं रेशमाचं असूनही ही अळी कोसा विणत नाही, पालापाचोळ्यात नुसती कोष होऊन पडते.

१८५५ साली इंग्रज कीटकतज्ज्ञ फ्रान्सिस वॉकरने हिचं नाव ठेवलं ते पतंग पाहून. लोकांची गाठ पडते ती अळीशी. खरी अडचण इथे आहे.

[दृश्य: सूक्ष्मदर्शक, हातांचा क्लोज-अप]

पतंगाची जात ओळखताना रंगावर जाऊ नका. नर-मादीत फरक असतोच, पण एका जातीचे दोन नरही सारखे नसतात. म्हणून नराचे जननावयव बघायचे. त्यासाठी वाळलेलं पोट अलगद मोडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकायचं. परीक्षानळी गरम पाण्यात धरली तर १५-२० मिनिटं, नाहीतर रात्रभर. लवकर काढलं तर स्नायू चिकटून राहतात. फार वेळ राहिलं तर सगळं इतकं पारदर्शक होतं की कडाच दिसत नाहीत.

आता पाण्यात, बारीक कुंचल्याने खवले झाडायचे. ही दोन पाती मादीला धरणारी, व्हाल्व्हा. वरचा आकडा अंकस. मधली नळी एडिएगस. ती ओढताना चिमटा तिरका गेला की आतली नाजूक पिशवी फाटते. चित्र काढेपर्यंत काचेखाली दाबू नये, कोन बदलतात. शेवटी ग्लिसरीनच्या इवल्या कुपीत घालून कुपी पतंगाच्याच टाचणीला. वेगळी ठेवली की हरवलीच म्हणून समजा.

एक पाय डीएनएसाठी. ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. मात्र तेवढ्या फरकावर नवी जात जाहीर करणं घाईचं आहे. आधी ज्यांच्यावरून जुनी नावं दिली गेली ते मूळ नमुने काढून ताडून बघावेत.

[दृश्य: जाळीचे पिंजरे]

अळी आणि पतंग जोडायचा खात्रीचा मार्ग म्हणजे पाळणं. प्रत्येक अळी शेवटच्या टप्प्यात वेगळ्या डब्यात, तळाला ओलसर पाचोळा. फार ओला झाला तर बुरशी, कोरडा पडला तर पतंगाचे पंख चुरगळलेलेच राहतात. टाकलेली कात जपायची. तिच्यावरही काटे असतात, म्हणून लांब चिमट्यानेच.

[दृश्य: घोड्यांचे तबेले]

साव पावलोच्या बुतांतान संस्थेत याच जातीच्या काट्यांचा अर्क घोड्यांना टोचून प्रतिविष तयार होतं. वेळेत न मिळाल्यास रक्तस्रावाने माणूस दगावतो.

[दृश्य: संग्रहाचा खण]

टाचणीवर पतंग, खाली कुपी, शेजारी कात. चिठ्ठीवर गाव, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. तिन्हींवर क्रमांक एकच.