युरियाची बॅग अन् हळदीचा कागद

पहाटेचे साडेपाच वाजलेत, डिसेंबरची थंडी आहे, अन् आपण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, आमच्या घरच्या गोठ्याच्या दारात उभे आहोत. आत दोन बैल, एक गाय, रात्रभर कवाड लावलेलं. ते उघडलं की जो पहिला भपकारा येतो ना, नाकाला झोंबणारा, डोळ्यात पाणी आणणारा, तो व्हिडिओत येत नाही म्हणून सांगून राहिलो. तो अमोनिया आहे.

मागून मायचा आवाज येतो, "काय करून राहिला रे तिथं इतक्या सकाळी?"

हे बघा माझ्या हातात काय आहे. वहीचं कोरं पान, त्यावर हळद स्पिरिटमध्ये कालवून लावली, सुकवली, पट्ट्या कापल्या. हळद वायगावची आहे, वर्धा जिल्ह्यातली, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, पण घरातली कोणतीही चालते. पट्टी पाण्यानं ओली करायची अन् गोठ्याच्या नालीवर अशी धरायची, टेकू द्यायची नाही. थोडा वेळ थांबा... कडेपासून रंग बदलत चाललाय बघा, पिवळ्याचा विटकरी, मग लालसर. कागदाला मूत लागलं नाही, फक्त हवा लागली. आता हीच पट्टी चुलीजवळ धरली की सुकता सुकता परत पिवळी होते, कारण अमोनिया वायू आहे, आला तसा निघून गेला. चुना लावला असता तर लाल तसंच राहिलं असतं. आपल्याकडं हळदीचं कुंकू करतात ते याच करामतीवर, हळद अधिक चुना.

आता आम्ल म्हणजे काय, तर जे हायड्रोजनचा आयन देऊन टाकतं ते. अन् आम्लारी तो घेतं. अमोनियाच्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनची एक जोडी रिकामी बसलेली असते, तिथं तो आयन येऊन चिकटतो अन् अमोनियाचा अमोनियम होतो. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे. अमोनियम पाण्यात, मातीत टिकून राहतं. अमोनिया उडून जातो.

चला वावरात. हरभऱ्यावर काल रात्री मायनं धुतलेलं लुगडं अंथरून ठेवलं होतं, दवात भिजलंय, ते ती वाटीत पिळते. ही हरभऱ्याची आंब. पोट दुखलं की आजी चमचाभर द्यायची. जिभेला लावली की दात आंबतात, कारण पानांवरच्या बारीक केसांतून मॅलिक अन् ऑक्झॅलिक आम्ल बाहेर येतं अन् दवात मिसळतं. चुन्यानं लाल केलेल्या हळदीच्या पट्टीवर आंबेचा एक थेंब टाकला, आणि बघा, थेंब पडला तेवढा गोल पिवळा झाला. आम्लानं आम्लारीला मारलं. मला हा गोल बघायला अजूनही भारी वाटतं, खरंच.

अन् इथंच एक झाड उपटून दाखवतो. मुळावर ह्या गाठी. नखानं फोडली की आत गुलाबी, रक्तासारखी. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे पण त्याचे दोन अणू तीन बंधांनी एकमेकाला असे घट्ट धरून बसलेत की पिकाला त्याचा काही उपयोग नाही. ते बंध तोडून अमोनिया बनवायला फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९०९ साली प्रयोगशाळेत प्रचंड दाब अन् उष्णता वापरली, कार्ल बॉशनं १९१३ ला जर्मनीत ओपाऊला त्याचा कारखाना उभा केला, अन् आजही युरिया बनवायला लागणारा अमोनिया त्याच रस्त्यानं येतो, ४०० अंशाच्या वर तापवून. ह्या गाठीतले जिवाणू तेच काम ह्या थंड मातीत करतात. म्हणून हरभऱ्याला युरियाची हाव नसते. गव्हाला असते.

आता युरिया. ४५ किलोची बॅग, ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे साधारण २०.७ किलो. मूठभर पाण्यात टाका, गिलास बाहेरून गार पडतो, हात लावून बघा. हळदीचा कागद बुडवा, पिवळाच राहतो. म्हणजे युरिया स्वतः आम्ल पण नाही, आम्लारी पण नाही. पण मातीत युरिएज नावाचं विकर असतं, ते युरियाला पाण्याच्या मदतीनं फोडतं, अन् मग निघतो कोण, तोच गोठ्यातला अमोनिया. जनावराच्या मुतातही युरियाच असतो, वास तिथूनच येतो.

आमच्या वावराचा सामू, म्हणजे पीएच, ८.१ आहे, माती परीक्षणाच्या कागदावर लिहिलंय. काळी माती, त्यात पांढऱ्या चुनखडीचे खडे, त्यावर लिंबू पिळला की फसफसतात. सात म्हणजे मधला, त्याच्या वर आम्लारी, अन् सामूची प्रत्येक पायरी दहा पटीची. युरियाचा दाणा विरघळतो त्या जागी तर सामू आणखी वर चढतो, अन् सामू जितका वर तितका अमोनियम आपला आयन सोडून अमोनिया होतो. तुम्ही ओल्या काळ्या मातीवर युरिया फेकून घरी आलात, तर त्यातला बराचसा तुमच्या मागंच हवेत गेला म्हणून समजा.

हे डोळ्यानं बघायचं होतं म्हणून तीन डबे घेतले, तिन्हीत गव्हाच्या वावरातली ओली माती. एकात काहीच नाही, एकात युरिया वर टाकला, एकात तेवढाच युरिया चार बोटं खाली दाबला. झाकणाला आतून हळदीची ओली पट्टी चिकटवली. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडले. नुसत्या मातीचा पिवळा. दाबलेल्याचा पिवळा. वर टाकलेल्याचा लाल, अन् झाकण उघडल्याबरोबर तोच झोंबणारा वास.

मायनं डबा नाकाशी नेला अन् लगेच बाजूला केला. "हा तं गोठ्याचा वास होय." थोडं थांबून म्हणे, "मंग आपण इतके वर्सं उकिरड्यावर राख टाकून राहिलो ते?"

तेही बरोबर धरलं तिनं. चुलीची राख आम्लारी आहे, भांडी घासताना हाताला बुळबुळीत लागते ती त्यामुळंच. ताज्या शेणमुतावर टाकली की त्यातलं अमोनियम अमोनिया होऊन जातं. राख वेगळी ठेवायची अन् शेणखतावर मातीचा थर द्यायचा.

कपाशीला खत दिल्यावर डवरा, म्हणजे बैलाचं कोळपं, मारला की युरिया मातीआड जातो, पण गव्हात डवरा कुठून चालवणार. तिथं पाणीच त्याला खाली नेतं. आम्ही आतापर्यंत आधी स्प्रिंकलर चालवायचो अन् दुसऱ्या दिवशी ओलीवर खत फेकायचो, कारण लाईन रात्री येते अन् फेकायला दिवस लागतो, म्हणजे सगळ्यात वाईट वेळ आम्ही आपणहून निवडत होतो.

या आठवड्यात मोटारीची थ्री फेज लाईन रात्री दहाला आहे. संध्याकाळी पाचला माय बांधावर उभी, डोक्याला रुमाल, टोपल्यात युरिया, जमीन वरून सुकलेली. ती फेकत फेकत धुऱ्यापर्यंत जाते, परत येते. मी मोटारीपाशी बसतो. दहा वाजून काही मिनिटांनी स्टार्टरचा लाल दिवा लागतो, बटन दाबतो, अन् पाईपातून हवा निघाल्याचा आवाज येतो, मग पाणी.