जीपचं तोंड नक्की कुणाचं?

सातारा-कोल्हापूरकडचं कुणी बघत असेल, तर त्याला वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, काय असतं ते सांगायला नको. आत डझनभर माणसं कोंबलेली, मागच्या पायरीवर दोघं लटकलेले. गाडी कुठल्याही कंपनीची असो, आपण म्हणणार जीप. आज याच नावाची गोष्ट, आणि त्यातल्या एका कोर्टकचेरीची.

साल १९४०. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांना विचारलं, हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी ४९ दिवसांत बनवून दाखवाल का? पेनसिल्व्हेनियातली बँटम ही पिटुकली, बुडायला आलेली कंपनी तयार झाली. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरने दोन दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपायला जेमतेम अर्धा तास असताना, गाडी लष्कराच्या दारात उभी केली.

बक्षीस काय मिळालं? बँटमचा कारखाना लहान, म्हणून लष्कराने तिचा आराखडा विलीज आणि फोर्ड या मोठ्या मोटार कंपन्यांना देऊन टाकला. युद्धात सहा लाखांवर जीपगाड्या बनल्या, त्यात बँटमच्या तीन हजारसुद्धा नाहीत. तिच्या वाट्याला मुख्यतः जीपमागे ओढायच्या ट्रॉल्या आल्या. मला विचाराल तर या गोष्टीत सगळ्यात जास्त अन्याय झाला तो हिच्यावर.

आता हा फोटो बघा. ही समोरची जाळी. विलीज आधी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून लावायची. फोर्डने एकाच पत्र्यातून दाबून नऊ फटींची जाळी काढली, स्वस्तात. युद्ध संपल्यावर विलीजने शेतकऱ्यांसाठी जीप काढली, तिचे हेडलाइट मोठे घेतले, जागा कमी पडली आणि फटी उरल्या सात. म्हणजे जीपचा हा जगप्रसिद्ध चेहरा अर्धा तर फोर्डचा! १९५० मध्ये जीप नावाचा ट्रेडमार्क मात्र विलीजला मिळाला.

मग जीप जगभर गेली ती बरीचशी परवान्यांवर. जपानमध्ये मित्सुबिशी, फ्रान्समध्ये हॉचकिस, शिवाय ब्राझील, अर्जेंटिना. आणि मुंबईत महिंद्रा. १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाने सुरू झालेली ही कंपनी पोलादाचा व्यापार करायची. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, नाव बदललं, आणि चाळीसचं दशक संपायच्या आत विलीजचे सुटे भाग जोडून इथे जीप तयार व्हायला लागल्या. पुढे भागही इथेच बनू लागले.

तिकडे जीपचे मालक बदलत राहिले. विलीज, कैसर, एएमसी, क्रायस्लर, मग फियाट, आता स्टेलँटिस. घर तेच, भाडेकरू बदलतात तसं.

२०१८ मध्ये महिंद्राने रॉक्सर ही गाडी अमेरिकेत विकायला काढली. रस्त्यावर नाही, फक्त शेता-रानात चालवायची. सुटे भाग भारतातून जायचे आणि जोडणी मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्सला, म्हणजे थेट क्रायस्लरच्या मुख्यालयाच्या गावात! क्रायस्लरवाल्यांनी तक्रार केली, ही तर आमच्या जीपची नक्कल. २०२० च्या जूनमध्ये तिथल्या व्यापार आयोगाने रॉक्सरवर बंदी घातली. महिंद्राने गाडीचं तोंड बदललं, तेव्हा कुठे डिसेंबरमध्ये आयोगाने नव्या रूपाला हरकत नाही म्हटलं.

आणि हे भांडण चालू असताना खुद्द जीपवाले काय करत होते? पुण्याजवळ रांजणगावला कंपास नावाची जीप बनवून परदेशात पाठवत होते.