पेढे, पीएफ आणि २८ सप्टेंबर

नमस्कार.

गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या शेजारची मुलगी पेढे घेऊन आली. नर्स आहे. पुण्यात एका खासगी रुग्णालयात सहा वर्षं काढली, रात्रपाळ्या सांभाळून जर्मनचा क्लास केला, आणि आता श्टुटगार्टहून नेमणुकीचं पत्र आलंय. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्या पेठेत जर्मन क्लासच्या पाट्या वाढल्यात. पेढा तोंडात जातोय तोच तिने विचारलं, "काका, पीएफ काढायला कुठला फॉर्म लागतो हो? तिकडे घराच्या डिपॉझिटला पैसे हवेत."

पेढा घशात अडकला म्हणा ना. कारण २०१८ साली जर्मनीला नोकरीला निघताना अगदी हाच प्रश्न मी विचारला होता, आणि ज्यांना विचारला त्यांनी फॉर्म काढून दिला.

तेव्हा माझी पुण्यातली नोकरी आठ वर्षांची. पीएफचा फॉर्म १९ भरला, सोबत पेन्शनचा टेन-सी भरला, आणि खातं धुऊन-पुसून मोकळा झालो. पेन्शनपोटी लाख-सव्वालाख हातात पडले. बॅगा, स्वेटर, पहिल्या महिन्याचं भाडं, संपले. त्या टेन-सीवर सही करताना मी काय सोडतोय, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आपल्या पगारातून १२ टक्के कापले जातात, ते सगळे पीएफमध्ये जातात. मालकही तेवढेच भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत वळते होतात, तेही १५,००० रुपये पगार धरून, म्हणजे महिना फार तर १,२५० रुपये. रक्कम किरकोळ दिसते, म्हणून आपण तिच्याकडे ढुंकून बघत नाही. पण त्या खात्यात पैशापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट साठत असते, ती म्हणजे नोकरीची वर्षं. दहा भरली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन. टेन-सी भरून पैसे घेतले की वर्षं पुसली जातात.

आता जर्मनीकडे येऊ. तिकडचा पहिला पगार झाला की प्रत्येक भारतीय माणूस ती स्लिप दोनदा वाचतो. वर 'ब्रुटो' म्हणून जाडजूड आकडा, खाली 'नेटो' म्हणून रोडावलेला. एकट्या माणसाचे ४,००० युरो ठरले असतील तर हातात २,६०० च्या आसपास येतात. मधले गेले कुठे? आयकर, आरोग्य विमा, बेकारी विमा, म्हातारपणाच्या शुश्रूषेचा विमा, आणि पेन्शनचे ९.३ टक्के. मालक आणखी ९.३ घालतो. शुश्रूषा विम्यात गंमत अशी की मूल नसलेल्याला जास्त कापतात. माझी लेक पुण्यात शाळेत जात होती, तिचा जन्मदाखला दाखवायचा असतो हेच मला वर्षभर माहीत नव्हतं. बायकोही पुण्यात, त्यामुळे लग्न झालेला असूनही कराच्या हिशेबी मी अविवाहित, वर्ग एक. आणि पत्ता नोंदवायला गेलात की फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. आपल्या वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मंडळींनी तो भरताना लक्षात ठेवावं, की त्यावरून चर्चचा कर लागतो. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के. द्यावासा वाटला तर आनंदाने द्यावा, फक्त स्लिप बघून दचकू नये.

पेन्शनचा मुद्दा मात्र जरा नीट ऐका. जर्मन पेन्शनचा हक्क मिळायला ६० महिने भरावे लागतात. मी ४८ महिन्यांनी परत आलो. साठ भरले नाहीत तर देश सोडल्यावर २४ महिने थांबून पैसे परत मागता येतात, पण फक्त आपल्या वाट्याचे, बिनव्याजी. मालकाने भरलेले तिथेच राहतात. मला वीस हजार युरोंच्या आसपास मिळाले, साधारण तेवढेच मागे राहिले.

आणि इथे ती टेन-सीची सही आठवते. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, १ मे २०१७ पासून लागू. त्यात दोन्ही देशांतली वर्षं हक्कासाठी एकत्र मोजता येतात. माझी इथली आठ शिल्लक असती तर तिकडच्या चारांना त्यांचा टेकू मिळाला असता: साठ महिन्यांची अट सुटली असती, आणि इथली दहा वर्षांचीसुद्धा. तिकडे सरासरी पगारावर वर्षभर काम केलं की एक गुण मिळतो, आणि जुलै २०२५ च्या दराने एका गुणाला महिना ४०.७९ युरो, सदुसष्टीनंतर मरेपर्यंत. ही पेन्शन पुण्यात बसूनही घेता येते. वर कडी म्हणजे, परत येऊन नोकरी धरली तर कळलं की सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० च्या वर पगार असलेल्या नव्या सभासदाला आपल्या पेन्शन योजनेत घेतच नाहीत. आणि वर्षं पुसल्यामुळे मी नवाच.

ज्यांना पुण्याचीच कंपनी तिकडे पाठवते, पगार इथूनच चालू राहतो, त्यांचं गणित निराळं. पीएफ कार्यालयाकडून एक दाखला घ्यायचा, 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज', मग ४८ महिन्यांपर्यंत तिकडे पेन्शनची कपात होत नाही, इथली चालू राहते. दाखला कंपनीने काढायचा असतो. आठवण तुम्ही करायची. अमेरिकेशी मात्र आपला असा करार नाही. तिथे सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे तिथल्या पेन्शनचे, ६.२ टक्के कापले जातात, हक्क मिळायला साधारण दहा वर्षं लागतात, आणि एच-वन-बी व्हिसा सहसा सहा वर्षांचा. पुढचं गणित तुम्हीच करा.

आता आयकर. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचे एप्रिल ते मार्च या वर्षात इथले दिवस मोजतात. १८२ भरले की तो त्या वर्षापुरता इथला रहिवासी, आणि मग तिकडचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. दुहेरी कर टाळायचा करार आहे, सवलत मिळते, पण कागद नाचवावे लागतात. एप्रिल ते ऑगस्ट दिवस होतात १५३. सप्टेंबरचे २८ मिळवले की १८१. म्हणून २८ सप्टेंबर ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. आणि मुंबईहून युरोपची विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतर सुटतात, हे विसरू नका! २८ च्या रात्री घरातून निघालात तरी पासपोर्टवर शिक्का २९ चा बसणार, आणि जायचा दिवसही इथलाच धरून चालावं.

बँकेत जाऊन साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथल्या पैशांचं खातं, करून घ्यावं. तिकडची कमाई इथे पाठवून ठेवायचं ते एनआरई खातं; त्याचं व्याज इथे करमुक्त असतं, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण जर्मनीचे रहिवासी झालात की तुमचं जगभरातलं उत्पन्न तिकडच्या कर खात्यापुढे येतं, त्यात हे व्याजही आलं. इथे माफ म्हणजे तिथे माफ नव्हे.

तर त्या मुलीला मी काय सांगितलं? तिची आई समोरच बसली होती, ती म्हणाली, "भाऊजी, तुमचं सगळं खरं, पण डिपॉझिट कुठून आणायचं?" प्रश्न रास्त होता. सहा वर्षं झालीत, म्हणजे पाच उलटलीत, पीएफवर कर लागणार नाही. मी म्हटलं, फॉर्म १९ भर, पीएफ घे, त्याचंच डिपॉझिट दे. टेन-सीही भर, पण त्यात पैसे मागू नकोस, 'स्कीम सर्टिफिकेट' माग. ते मिळालं की सहा वर्षं कागदावर शाबूत राहतात.

परवा ती फॉर्म दाखवायला आली होती. स्कीम सर्टिफिकेटच्या चौकोनात खूण केली होती. तिकीट बघितलं, २७ सप्टेंबरचं, पहाटे अडीचचं.

नमस्कार.