मिटलेली फणेरपेटी

(पडद्यावर शिसवी लाकडाची एक जुनी फणेरपेटी. झाकण हळूहळू उघडते.)

फणेरपेटी उघडली की सर्वांत आधी दिसतो तो झाकणाच्या आतल्या अंगाला बसवलेला आरसा, आणि त्याखाली लहान लहान खणांतून कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी व फणी. श्रीमंताघरी या पेटीवर चांदीचे पत्रे किंवा हस्तिदंती नक्षी असे, साध्या घरात ती साध्या लाकडाची असे. परंतु आतले खण बहुधा तेच असत. राणीवशातला शृंगार म्हटला की आपल्याला दूरदेशीची दुर्मिळ द्रव्ये आठवतात. मराठी राजस्त्रिया ज्या वस्तूंनी नाहत आणि नटत, त्यांतल्या बहुतेक वस्तू मात्र स्वयंपाकघराच्या फडताळातल्या आणि जवळच्या रानातल्या होत्या.

(न्हाणीघर. तांब्याचा बंब, वाफाळणारे घंगाळ.)

सुरुवात अर्थातच न्हाणीघरापासून होई. कोमट केलेले तिळाचे तेल अंगात जिरवायचे आणि मग उटण्याने ते उतरवायचे, असा अभ्यंगाचा क्रम होता. उटण्यात चंदन, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला, आंबेहळद आणि सुकवलेल्या गुलाबपाकळ्या पडत, आणि ही सारी द्रव्ये कुटून वस्त्रगाळ केल्यावर मसुराच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीच्या पिठात मिसळून दुधात अथवा सायीत कालवली जात. पीठ अंगावरचे जादा तेल शोषून घेते, त्याच्या बारीक कणांनी मळ सुटतो आणि साय त्वचेला कोरडी पडू देत नाही. आजही दिवाळीच्या पहाटे हेच उटणे आपण अंगाला लावतो, फरक इतकाच की ते दुकानातल्या पुडीतून येते.

केसांसाठी शिकेकाई. सह्याद्रीच्या रानातली ही काटेरी वेल कोल्हापूरच्या पश्चिमेकडील दाट जंगलपट्ट्याला नवी नाही. त्याच पट्ट्यातल्या राधानगरीला राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब यांचे नाव मिळालेले आहे, म्हणजे शिकेकाईच्या रानाला राजकन्येचे नाव असा हा एक गोड योगायोग आहे. शिकेकाईच्या शेंगांत आणि रिठ्याच्या फळात सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते पाण्यात मिसळले की फेस होतो आणि तेल व धूळ केसांपासून सुटून येते. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने केसावरची खवले मिटलेली राहतात आणि केस गुंतत नाहीत. शेंगा वाळवणे, आवळकाठी, मेथी व संत्र्याच्या सालीबरोबर कुटणे, पाण्यात उकळणे, गाळणे, आणि नाहून झाल्यावर गुडघ्यापर्यंतचे केस ऊद-धुपाच्या धुरावर सुकवणे, या सगळ्याला अर्धा दिवस सहज लागे.

तो अर्धा दिवस कोणाचा, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. शेतावर जाणाऱ्या बाईलाही शिकेकाई ठाऊक होती. तिच्याजवळ नसे तो रिकामा अर्धा दिवस. राजवाड्यात पाणी तापवणारी वेगळी, पाट्यावर वाटणारी वेगळी आणि केस विंचरणारी वेगळी असे. मराठेशाहीच्या कागदांत ज्यांची नोंद ‘कुणबिणी’ आणि ‘बटकी’ अशी येते, त्या दासींच्या हातांवर हा सारा शृंगार उभा होता. माझ्या मते राजघराण्यातले खरे महागडे प्रसाधन हेच होते.

लिखित परंपरेकडे वळलो तर कोल्हापूर-कऱ्हाडच्या या प्रदेशाशी नाते सांगणारा एक मोठा ग्रंथ समोर येतो. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याने कऱ्हाडच्या शिलाहार कुळातील राजकन्या चंद्रलेखा हिच्याशी विवाह केला होता, आणि याच विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. वीस-वीस अध्यायांच्या पाच भागांपैकी तिसरा भाग केवळ राजाच्या उपभोगांना वाहिलेला असून त्यात स्नान, विलेपन, तांबूल, वस्त्रे, माळा यांची तपशीलवार चर्चा येते. गंमत अशी की हे सर्व भोग राजाचे आहेत आणि स्त्रीसुद्धा त्या भोगांपैकीच एक म्हणून तेथे येते. राणी स्वतः काय लावत होती, हे तिच्या बाजूने कोणी लिहून ठेवलेले नाही.

(अत्तरदाणी आणि गुलाबदाणी. मनगटाच्या मागे अत्तराचा फाया फिरतो.)

अत्तराची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण येथे खरोखर दूरवरून आलेली आणि खरोखर महाग अशी वस्तू आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, तेव्हा त्याच्या दहा वर्गांपैकी एका वर्गाला ‘भोग्यवर्ग’ असे नाव द्यावे लागले, यावरून सुगंध, खाद्य आणि विलासाच्या वस्तूंचे दरबारातले स्थान लक्षात येते. गुलाबाच्या अत्तराचा शोध आपल्या बेगमेच्या, म्हणजे नूरजहानच्या, आईने लावल्याचे बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत सांगतो. गुलाबपाणी करताना वर तरंगणारा तेलाचा तवंग तिने वेगळा काढला होता. एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते चार टन पाकळ्या लागतात, हे कळल्यावर अत्तराचा फाया कानात जपून का ठेवत असत, ते समजते. उत्तर प्रदेशातल्या कनौज या अत्तरासाठी प्रसिद्ध गावाच्या पद्धतीत तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी तापवून ती वाफ बांबूच्या नळीतून चंदनतेल भरलेल्या भांड्यात सोडतात, आणि मोगरा, केवडा, वाळा असा कोणताही गंध चंदनाच्या अंगावर बसून टिकतो. हळदीकुंकवाला आलेल्या स्त्रीच्या हाताला अत्तर लावून तिच्यावर गुलाबपाणी शिंपडण्याचा ‘अत्तरगुलाब’ हा दरबारी मान पुढे वाड्यांतून आणि मग चाळींतूनही आला.

काजळ मात्र घरचेच. एरंडेलाच्या दिव्यावर चांदीची किंवा तांब्याची वाटी पालथी धरून जमलेली काजळी लोण्यात वा तुपात खलायची आणि किंचित कापूर घालायचा, इतकाच तो प्रकार.

विसाव्या शतकात या पेटीतले खण बदलू लागले. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूरचे चंदन युरोपला जाईनासे झाले, तेव्हा त्या संस्थानाने १९१६ मध्ये स्वतःच चंदनतेल गाळायला सुरुवात केली आणि पुढे त्याच तेलाचा साबण देशभर पोहोचला. मुंबईत १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ ही चेहऱ्याला लावायची क्रीम आली. १९४१ मध्ये ‘लक्स’च्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या आणि सौंदर्याचा नमुना म्हणून राणीच्या जागी नटी आली. डाळीच्या पिठाची जागा साबणाच्या वडीने घेतली, ही सोय मोठी होती आणि तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

(महाद्वार रोड. अंबाबाईच्या देवळाबाहेर कुंकवाच्या राशी.)

पेटीतला सर्वांत लहान खण कुंकवाचा, आणि सर्वांत मोठी गोष्ट त्याचीच. पारंपरिक कुंकू हळदीचे असते. हळदीतल्या कर्क्युमिनला चुन्यासारख्या अल्कलीचा स्पर्श झाला की पिवळा रंग फिरून लाल होतो. कपाळावर आधी मेण लावून त्यावर कुंकू बसवत, म्हणजे घामाने ते ओघळत नसे. चंद्रकोर असो की आडवी चिरी, ती लावणारी सवाष्ण आहे एवढे त्यातून आधी कळे.

आणि कोल्हापूरच्या इतिहासाला येथे एक विलक्षण वळण आहे. १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या राणी ताराबाई पंचविशीच्या होत्या. औरंगजेबाशी पुढली सात वर्षे लढा चालवणारी आणि कोल्हापूरची गादी उभी करणारी ही स्त्री, त्या काळच्या रूढीनुसार कुंकू, फुले आणि रंगीत शृंगार यांना वयाच्या पंचविसाव्या वर्षीच मुकली आणि १७६१ पर्यंत जगली. पुढे १७६० ते १७७३ या काळात कोल्हापूरचा कारभार सांभाळणाऱ्या जिजाबाई याही आपले पती, कोल्हापूरचे दुसरे संभाजी महाराज, यांच्या पश्चात राज्य चालवत होत्या. ज्या स्त्रियांनी हे संस्थान घडवले आणि राखले, त्यांची फणेरपेटी मिटलेली होती.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीतल्या अपघातात गेले आणि स्नुषा इंदुमती यांच्यावर वैधव्य आले, तेव्हा त्यांना बारा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. सासऱ्याने त्या मुलीला राजवाड्याच्या कोपऱ्यात बसवले नाही. सोनतळीच्या कॅम्पवर तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि घरातून झालेला विरोध बाजूला सारला.

(शिरोळ तालुका. नदीकाठचे गाव, ग्रामपंचायतीची इमारत.)

मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, याच कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद व्हाव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही हेरवाडचे अनुकरण करावे असे कळवले.