चतकोर भाकरी

(दृश्य: सकाळचं स्वयंपाकघर. कडक भाकरी हातानं मोडली जाते.)

हा आवाज सोलापूरकराला डोळे मिटूनही कळेल. कडक भाकरी आधी जरा अडते, मग कडाड्कन मोडते. शेजारी शेंगाची चटणी, वर दह्याचा गोळा. झालं की जेवण.

हे माझ्या मावशीचं घर. मागच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड चालू आहे, ती तुम्हाला पूर्ण फिल्मभर ऐकू येईल. आम्ही काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मावशीचं वय ६१. वजन ९१ किलोवर गेलेलं, सोबत साखर. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. पूर्वी दीड भाकरी सहज जायची. आज चतकोर खाल्ली आणि ताट सरकवलं.

"बास गं बाई. गळ्यापर्यंत आलंय."

(दृश्य: ताटात उरलेली पाऊण भाकरी, जवळून.)

जेवल्यावर आपलं आतडं जीएलपी-१ नावाचं एक संप्रेरक सोडतं. ते मेंदूला सांगतं, पुरे आता. शरीरातलं हे संप्रेरक काही मिनिटांत विरून जातं. औषध मात्र तोच निरोप आठवडाभर देत राहतं. वर जठर रिकामं व्हायचा वेगही मंदावतो. या जातीचं पहिलं औषध २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि त्याचं मूळ सापडलं होतं गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत. हे ऐकल्यावर मावशीनं दोन दिवस सुईला हात लावला नव्हता. आपल्याकडे याच जातीतलं टिर्झेपाटाइड नावाचं इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं होतं.

मावशीचंही उतरायला लागलं. गल्लीतल्या बायका कौतुक करू लागल्या. पण ती खात काय होती? सकाळी चहा-खारी. दुपारी चतकोर भाकरी नि चटणी. संध्याकाळी बशीभर चिवडा, तोही अर्धा. भूकच नाही म्हटल्यावर कोण स्वयंपाक करतंय?

एके दिवशी हुरड्याच्या पार्टीला शेतात गेलो. सगळे खाली बसलेले. निघताना मावशी हात टेकूनही उठेना. दोघींनी काखेत हात घालून उठवलं. ती हसली, पण गाडीत गप्प होती.

वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, स्नायूही झडतात. वेगवेगळ्या अभ्यासांत, गेलेल्या वजनातला २५ ते ४० टक्के वाटा चरबीखेरीज बाकीचा निघाला आहे. पोटात जाणारं अन्नच थोडं, त्यात प्रथिनं नाहीत आणि अंगाला हालचाल नाही, मग स्नायू टिकणार कशाच्या जोरावर? निरोगी माणसासाठी आपल्याकडची शिफारस दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. वजन उतरवताना त्याहून जास्त लागतात. मावशीला आहारतज्ज्ञ बाईंनी ७० ग्रॅमचा आकडा दिला. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र हा आकडा परस्पर उचलू नये.

(दृश्य: खलबत्त्यात कुटली जाणारी शेंगाची चटणी. तेल सुटलेलं.)

आता सोलापुरात राहून शेंगाच्या चटणीविरुद्ध बोलायचं म्हणजे धाडसच. पण हिशेब बघा. २० ग्रॅम शेंगदाण्यांत प्रथिनं ५ ग्रॅम, तेल १० ग्रॅम. आधीच मंदावलेल्या जठरात तेलकट खाणं तासन् तास बसून राहतं, मग मळमळ, करपट ढेकर. तर्रीवाल्या मटणाच्या रश्श्याचं तेच. चटणी सोडायची नाही. ती चमचाभर, तोंडी लावायला. नाव तरी तेच आहे ना, तोंडी लावणं.

मग पोटभरीचं काय?

(दृश्य: लोखंडी कढईत हुलगे भाजले जातात. धूर, खमंग वास शूट करता येत नाही याचं वाईट वाटतं.)

उत्तर आजीच्या काळचं निघालं. हुलग्याचं माडगं. हुलगे मंद आचेवर लालसर भाजायचे, दळायचे. तीन चमचे पीठ गार पाण्यात कालवून, गुठळी मोडून, उकळत्या पाण्यात सोडायचं. आजी गूळ घालायची. मावशीला साखर, म्हणून मीठ, जिरं, ठेचलेला लसूण, आल्याचा तुकडा. पातळ राहतं, गरम गरम फुंकर मारत घोट घोट जातं. ३० ग्रॅम हुलग्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं. भाकरी ज्या दिवशी घशाखाली उतरत नाही, इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी तर हमखास, त्या दिवशी माडगं उतरतं.

बाकी दिवसाचं असं: सकाळी दोन उकडलेली अंडी, १२ ग्रॅम. दुपारी आधी घट्ट वरणाची वाटी आणि फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का, आणि भाकरी शेवटी. हा क्रम उलटा करायला मावशीला महिना लागला. "भाकरी शेवटी? हे काय जेवण झालं?" चार वाजता मूठभर फुटाणे. रात्री पनीर नाहीतर चिकनचे चार तुकडे, कमी तेलात. सत्तर रोज भरतातच असं नाही. साठ झाले तरी आहारतज्ज्ञ बाई रागवत नाहीत.

कडक भाकरी आता वरणात भिजवून, कुस्करून. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घरात आहे, ती सोडायचं कारणच नाही. या औषधानं बद्धकोष्ठ होतो आणि ज्वारीतला चोथा तिथे कामाला येतो. पण चोथ्याला पाणी लागतं. भुकेबरोबर तहानही मंदावते, नि आपला मे महिना ४४ अंशांचा. मावशीनं ओट्यावर तांब्या ठेवलाय. दुपारपर्यंत एक, झोपेपर्यंत दुसरा. आणि हो, इंजेक्शनची न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही.

साखरेची जुनी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि खाणं निम्म्यावर आलं, तर साखर एकदम खाली येऊ शकते. गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांकडूनच बदलून घ्यावं, आणि संकष्टी-एकादशीचं काय करायचं तेही त्यांना आधी विचारावं. पोटात असह्य दुखून कळ पाठीत जात असेल, उलट्या थांबत नसतील, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

सगळ्यात अवघड जागा मात्र दवाखाना नाही. लग्नाची पंगत. "एवढंसंच? आमच्याकडचं गोड लागत नाही व्हय?" म्हणत ताटात पडलेली शेंगाची पोळी. मावशीनं युक्ती काढलीय: पोळीचा चतकोर ठेवायचा, बाकीची शेजारच्या पोराच्या ताटात, आणि वाढणारीला सांगायचं, "वरण वाढा की परत." वरण मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही.

(दृश्य: खुर्ची. मावशी हाताची घडी घालून उठते, बसते. उठते, बसते.)

दिवसातून दोनदा, दर खेपेला दहा वेळा. आठ महिन्यांत वजन ७९. जमिनीवरून उठताना अजून एक हात टेकते. दोन नाही.

(दृश्य: संध्याकाळ. गॅसवर पातेलं.)

माडगं एकटीसाठी करायचं ठरलं होतं. पण वासानं नातवंडं आली, मग मुलगा, परवा तर शेजारीण वाटी घेऊनच आली. सूनबाई आता किलोभर हुलगे एकदम भाजते आणि मावशीची वाटी आधी काढून फडताळात झाकून ठेवते.